वतन गेलं, काम राहिलं

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. नाशिकहून इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. घरामागे चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे या देशाच्या अधिकृत पंथाचं, जुनं दगडी चर्च आहे. मंगळवारी तिथे गरजूंना शिधा देणारी फूडबँक असते, गुरुवारी तान्ह्या मुलांच्या आयांचा गट जमतो, शनिवारी शेजारच्या हॉलमध्ये तुमच्या मुलीचा मराठीचा वर्ग भरतो. रविवारी मात्र वीस-पंचवीस डोकी, तीही बहुतेक पांढऱ्या केसांची. दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका चर्चचे फ्लॅट झालेत. मुलीच्या शाळेच्या पाटीवर ‘चर्च ऑफ इंग्लंड’ लिहिलंय, पण वर्गात निम्मी मुलं हिंदू-मुसलमान. म्हणून तुम्ही विचारलंत: हा देश ख्रिस्ती आहे की नाही? चर्चची नुसती समाजमंदिरं झालीत का? आणि हे चालतं कुणाच्या पैशावर? शेवटी जरा संकोचून लिहिलंत, ‘या सगळ्यामागे काही हेतू आहे का?’

मला तो शेवटचा प्रश्नच खरा वाटतो. पण त्याच्याकडे सरळ जाता येत नाही, थोडा वळसा घ्यावा लागेल.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच मिशन हॉस्पिटलात शिकले. 2001 मध्ये इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आले, वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाले. मिडलँड्समधल्या एका छोट्या गावात राहते. आपल्याकडे मंडळीची पंचकमिटी असते, तशी इथे पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीची, चर्च कौन्सिल असते. तिच्यात मला सोळा वर्षं झाली. पाच वर्षं खजिनदार होते, मग सहा वर्षं चर्चवॉर्डन, म्हणजे इमारत आणि कारभार बघायला निवडून दिलेली सभासद. सलग सहा वर्षं झाली की इथे सहसा बाजूला बसावं लागतं, तशी दोन वर्षं बसले, आणि आता पुन्हा तीन वर्षं तेच काम करतेय. उपदेश करणं हे माझं खातं नाही. छपराची गळती, बॉयलर, विमा, वीजबिल आणि माणसांची भांडणं हे माझं खातं. तेव्हा उत्तरही त्याच बाजूने येईल.

आकडे एकदाच सांगून टाकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2001 च्या जनगणनेत 71.7 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. 2011 मध्ये 59.3 टक्क्यांनी, आणि 2021 मध्ये 46.2 टक्क्यांनी. ‘कुठलाही धर्म नाही’ म्हणणारे 37.2 टक्के झाले. तुमच्या लेस्टरमध्ये तर ख्रिस्ती, मुसलमान आणि ‘धर्म नाही’वाले हे तिन्ही गट साधारण चौथाई-चौथाईच्या आसपास आहेत आणि हिंदू सुमारे 18 टक्के. पण हे झालं फॉर्मवर खूण करणाऱ्यांचं. चर्च ऑफ इंग्लंडची आठवड्याची सरासरी हजेरी सात लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात सव्वा माणूस. आणि इमारती किती? सुमारे 16,000. भागाकार केला तर एका इमारतीला चव्वेचाळीसच्या आसपास माणसं येतात. तेव्हा तुमच्या घरामागच्या चर्चमधली वीस-पंचवीस माणसं म्हणजे काही मोठा अपवाद नाही.

पण ‘संपलं’ म्हणायची घाई करू नका. आधी काय होतं आणि त्यातलं नेमकं काय गेलं ते बघू.

आपल्या गावगाड्याच्या भाषेत सांगते, कारण इंग्रजीतून हे मला इतकं नीट कधी समजावता आलेलं नाही. चर्च ऑफ इंग्लंड हे या देशाच्या गावगाड्यातलं वतन होतं. पॅरिश म्हणजे शीव आखलेला गाव. त्यात राहणारा प्रत्येक शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक त्याला दशांश म्हणतो आणि खुशीने देतो, पण इथे तो कायद्याने वसूल व्हायचा, खळ्यावरून बलुतं उचलावं तसा. 1836 च्या कायद्याने धान्याच्या जागी पैसे आले, 1936 मध्ये ती व्यवस्थाही मोडली, आणि तिच्या बदल्यात जी वसुली लावली होती ती थेट 1977 पर्यंत चालली. पहिल्या एलिझाबेथच्या काळात रविवारी चर्चला गेलं नाही तर 12 पेन्स दंड होता. इमारतीच्या डागडुजीसाठी वेगळी पट्टी होती, तिची सक्ती 1868 मध्ये गेली. 1837 च्या आधी ज्यू आणि क्वेकर पंथाचे लोक सोडले तर कुणालाही कायदेशीर लग्न याच चर्चमध्ये करावं लागायचं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्यांवरची आणि नेमणुकांवरची धर्माची अट बहुतेक ठिकाणी उठली ती 1871 मध्ये.

म्हणजे वतनाचे हक्क एकेक करून दीडशे वर्षांत गळाले. गंमत अशी की वतनाबरोबर जी चाकरी होती, ती मात्र कुणी काढून घेतली नाही. आजही पॅरिशमध्ये राहणाऱ्या माणसाला, तो चर्चला कधी फिरकला नसला तरी, तिथे लग्न करायचा हक्क आहे. त्याच्या प्रेतक्रियेला पाळकाने आलं पाहिजे. आवारात जागा असेल तर त्याला तिथे पुरलंही पाहिजे. बलुतं बंद झालं, पण बलुतेदाराला काम चुकलं नाही, अशी ही अवस्था आहे. तुम्ही ज्याला ‘समाजमंदिर झालं’ म्हणता, त्यातलं बरंचसं काम ही जुनीच चाकरी आहे. फक्त पूर्वी ती हुकमाच्या आवाजात व्हायची, आता चहाचा कप पुढे करून होते.

मला स्वतःला हे पचायला वेळ लागला. मिरजेत मंडळी म्हणजे कोण हे स्पष्ट होतं: ज्यांचा बाप्तिस्मा झालाय, ज्यांची नावं वहीत आहेत, ती घरं. इथे मंडळीची हद्द नकाशावर आहे. ओढ्यापासून रेल्वेलाइनपर्यंत जो कोणी राहतो तो आमचा, त्याला ते ठाऊक असो वा नसो. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालणार होते. आमच्या घरात वडीलधारे त्याबद्दल जरा नाक मुरडूनच बोलायचे. इथे येऊन मी बघते तर एक अख्खा देश नकळत त्याच घोळात उभा आहे.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी पॅरिशच्या दुसऱ्या टोकाचं आमचं एक छोटं चर्च बंद करायचं ठरत होतं. रविवारी तिथे नऊ माणसं यायची, आणि छपराचा अंदाज निघाला होता दोन लाख पौंडांच्या वर. इथे चर्च बंद करणं म्हणजे कुलूप लावून निघून जाणं नव्हे. बिशपकडून प्रस्ताव जातो, लंडनचं चर्च कमिशनर्स हे मंडळ मसुदा प्रसिद्ध करतं, त्यावर कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि अगदी चिवट माणूस परवानगी मिळवून प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत जाऊ शकतो. आमच्या मसुद्यावर एकशे बारा हरकती आल्या. मी त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून सगळ्या वाचल्या. त्यातली चर्चला येणारी नावं निघाली सात. बाकीच्यांनी काय लिहिलं होतं? ‘माझ्या आईवडिलांचं लग्न इथे झालं.’ ‘रोज कुत्र्याला फिरवताना मी हा मनोरा बघतो.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘मी नास्तिक आहे, पण चर्च नसलेल्या गावात मला राहायचं नाही.’ तेव्हा मला फार राग आला होता. म्हटलं, बाबांनो, महिन्यातून एकदा पाच पौंड टाकले असतेत तर ही वेळ आली नसती. आता इतका राग येत नाही. आपल्याकडे गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की मुंबईकर चाकरमाने वर्गणी पाठवतात, नेमाने पूजेला बसत नाहीत. साधारण तोच भाव आहे हा. फरक एवढाच की यांना वर्गणीची सवय नाही, कारण शेकडो वर्षं ती कायद्याने वसूल व्हायची.

त्यावरून पैशाकडे येते. इथे बहुतेकांचा समज असतो की राजा चर्चचा प्रमुख आहे आणि 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात बसतात, म्हणजे पगार सरकार देत असणार. देत नाही. जर्मनीत आयकराबरोबर चर्चचा कर कापला जातो, तसंही इथे काही नाही. जुन्या जमिनी आणि गुंतवणुकीचा मोठा निधी चर्च कमिशनर्सकडे आहे, पण त्यातून थेट आमच्या बॉयलरला काही मिळत नाही. उलट पाळकांचे पगार आणि घरं यांच्यासाठी आम्हीच दरवर्षी डायोसीसला, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताला, हिस्सा भरतो. आमच्यासारख्या मध्यम चर्चचा निम्म्याहून जास्त खर्च तोच. उरलेल्यात विमा, गॅस, वीज, ऑर्गनची देखभाल. दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावीच लागते, आणि त्याचा अहवाल आला की महिनाभर मला झोप लागत नाही.

जमेच्या बाजूला नियमित देणगीदार, थाळीत पडणारं अर्पण, लग्नं आणि प्रेतक्रिया यांची फी, आणि हॉलचं भाडं. करदात्याने देणगी दिली तर सरकार पौंडामागे 25 पेन्स परत देतं, त्याचे फॉर्म भरून घेणं हे खजिनदाराचं निम्मं आयुष्य. इमारत संरक्षित यादीत असेल तर डागडुजीवरचा व्हॅट परत मिळण्याची सोय 2001 पासून होती. 2025 मध्ये त्यावर एका इमारतीला वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा आली. ज्यांचं मोठं काम अर्ध्यात होतं त्यांची तेव्हा काय धावपळ झाली, ते मी जवळून बघितलंय. आमच्याकडे तर त्याआधीच एका फेब्रुवारीत चोरांनी उत्तरेकडच्या छपराचं शिसं रातोरात सोलून नेलं. सकाळी दार उघडलं तर वेदीपर्यंत पाणी. विम्याने जेमतेम चौथा हिस्सा दिला. बाकीचे पैसे उभे करायला चौदा महिने लागले, आणि सगळ्यात मोठी एकरकमी देणगी आली ती कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या गुजराती पटेलभाईंकडून. मी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘बेन, माझ्या दुकानाचा पत्ता सांगताना मी काय सांगतो? चर्चच्या समोर.’

तर तुमच्या मुलीचा मराठीचा वर्ग त्या हॉलला तासाला जे काही देत असेल, तो तिथल्या हिशोबाचा खरा भाग आहे. तुमच्यावर कुणी उपकार करत नाहीये. हे मुद्दाम सांगते, कारण आपली माणसं तिथे उगाच अवघडून वागतात.

आता फूडबँक आणि हेतू. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला चर्चने दिलेलं धान्य दिसलं की मनात जो विचार येतो, तो मला माहीत आहे. मिरजेत शाळेत मीही त्यावरून टोमणे ऐकलेत. म्हणून आमच्याकडच्या फूडबँकचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. या देशातलं सर्वांत मोठं फूडबँकचं जाळं ट्रसेल ही संस्था चालवते. एका ख्रिस्ती जोडप्याने 1997 मध्ये ती स्थापली, आणि 2000 मध्ये सॉल्झबरीला पहिली फूडबँक निघाली. 2023-24 या एका वर्षात तिच्या जाळ्यातून 31 लाखांहून जास्त शिधे गेले. आमची फूडबँक त्याच पद्धतीने चालते. येणाऱ्याकडे व्हाउचर असतं. ते डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा सल्ला केंद्र देतं, चर्च देत नाही. त्यावर घरात किती माणसं, मुलं किती वयाची, काय खात नाहीत, एवढंच असतं. धर्माचा रकाना नाही. त्यावर तीन दिवसांचा शिधा मिळतो.

मी डब्यांच्या मांडणीवर असते. गेल्या चार-पाच वर्षांत आम्हाला एक नवीन प्रकार ठेवावा लागला: किटलीचा डबा. ज्यांच्याकडे गॅस किंवा वीज परवडत नाही, पण पाणी उकळता येतं, त्यांच्यासाठी फक्त गरम पाण्यात होणारे पदार्थ. आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी थंड डबा, ज्यातलं सगळं तसंच खाता येतं. मी हौसेने तूरडाळ आणि तांदूळ ठेवायला सुरुवात केली होती, आपली माणसं येतात म्हणून. एक बाई आली, आपल्याच तिकडची, कुठली ते सांगत नाही. तिने डाळीचं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि परत ठेवलं. मी म्हटलं, ‘घ्या ना, चांगली आहे.’ तर हळूच म्हणाली, ‘शिजायला फार वेळ लागते हो, मीटर पळतो.’ तेव्हापासून मी शिजवलेल्या डाळीचे टिन मागवते.

यात हेतू आहे का? आहे. आम्ही हे करतो कारण आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यात लपवायचं काय? पण शिध्याच्या बदल्यात प्रार्थनेला बसा असं आमच्याकडे कुणी म्हटलं, तर मी स्वतः त्याला दाराबाहेर काढीन. मात्र हे सगळीकडे असंच असेल याची हमी मी देणार नाही. चर्च कुठल्या वळणाचं आहे त्यावर ते अवलंबून आहे. काही चर्च सुवार्ता सांगण्यावर भर देणारी असतात. तिथे चहाबरोबर ‘आमच्या अल्फा कोर्सला या’ असं आमंत्रण मिळेल, म्हणजे जेवण, एक भाषण आणि चर्चा असा काही आठवड्यांचा वर्ग. ‘नको, धन्यवाद’ म्हटलं की विषय संपायला हवा. नाही संपला तर तुम्ही उठून जावं. माझ्या मते, जे चर्च मदतीची आणि आमंत्रणाची सरमिसळ करतं ते दोन्ही बिघडवतं. यावर आमच्याच कौन्सिलात दोन तट आहेत, आणि दुसऱ्या तटातली माणसंही वाईट नाहीत.

चहावरून आठवलं. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य झालं, आणि लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे आपण शाळेत शिकलो. इथल्या चर्चचं आजचं काम एका शब्दात सांगायचं तर मी ‘चहा’ म्हणेन. उपासनेनंतर चहा, प्रेतक्रियेनंतर चहा, गुरुवारी आयांना चहा, हिवाळ्यात एकट्या म्हाताऱ्यांसाठी हीटर लावून दिवसभर चहा. मिशनवाले तिकडे चहा पाजत होते तेव्हा त्यांच्या मायदेशात चर्चचा दरारा होता. आता दरारा गेला आणि किटली तेवढी उरली. माझ्या मिरजेच्या बहिणीला हे फार खटकतं. ती म्हणते, ‘अगं, मग तुमच्यात आणि रोटरी क्लबात फरक काय?’ तिचा प्रश्न चुकीचा नाही. फरक मला रात्री दोन वाजता वॉर्डात दिसायचा, जेव्हा पन्नास वर्षं चर्चचं तोंड न पाहिलेला पेशंट पाळकाला बोलवा म्हणायचा. रोटरीच्या अध्यक्षाला बोलवा असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

शाळेचं पटकन सांगते. चर्च ऑफ इंग्लंडच्या इथे साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत. 1811 मध्ये गरिबांच्या मुलांसाठी चर्चने शाळा काढणारी संस्था उभारली, तेव्हा सरकारी शाळा नव्हत्याच. 1944 च्या कायद्याने यातल्या बहुतेक सरकारी व्यवस्थेत आल्या, पैसा मुख्यतः सरकारचा, नाव आणि काही अधिकार चर्चचे. म्हणून पाटी तशी आणि वर्ग असा. प्रार्थनासभेतून किंवा धर्मशिक्षणाच्या तासातून मुलीला वगळायचा हक्क तुम्हाला आहे. मी वापरू नका म्हणेन, नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला मिळतं. पण निर्णय तुमचा.

इमारतींचं काय होतं, हा तुमच्या फ्लॅटवाल्या चर्चचा मुद्दा. 1969 पासून चर्च ऑफ इंग्लंडची जवळपास दोन हजार चर्च बंद झाली. काहींची घरं झाली, काही दुसऱ्या ख्रिस्ती पंथांकडे गेली, साडेतीनशेहून जास्त एका विश्वस्त संस्थेने जशीच्या तशी जपली आहेत, त्यातल्या काहींत तर रात्री मुक्कामाला खाट भाड्याने मिळते. लंडनला वेस्ट हॅम्पस्टेडच्या सेंट जेम्स चर्चमध्ये 2014 मध्ये पोस्ट ऑफिस निघालं, आणि उपासनाही चालू राहिली. मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनल वगैरे पंथांची देवळं जास्त मोकळेपणाने विकली जातात. तुमच्या लेस्टरमधलं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जैन मंदिर बघितलं असेल. पुढे संगमरवर आहे, पण ती इमारत एकोणिसाव्या शतकातलं काँग्रिगेशनल चॅपल आहे. लंडनच्या ब्रिक लेनवरची मशीद 1743 मध्ये फ्रान्सहून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी चॅपल म्हणून बांधली, मग ती मेथॉडिस्टांची झाली, 1898 मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, 1976 मध्ये मशीद. ज्याला राहायला गल्ली मिळाली त्याने तिथे देव मांडला.

आणि सगळीकडे ओहोटीच आहे असंही नाही. प्रेस्टनचं सेंट इग्नेशियस हे कॅथलिक चर्च 2014 मध्ये बंद झालं होतं. पुढच्याच वर्षी केरळच्या सिरो-मलबार कॅथलिक पंथाच्या लोकांनी ते उघडलं, आणि 2016 पासून ते त्यांच्या ब्रिटनमधल्या धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे. माझ्याबरोबर काम केलेल्या निम्म्या मल्याळी नर्सा रविवारी ड्युटी बदलून घ्यायच्या ती मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी. नायजेरियन, घानाच्या लोकांच्या मंडळ्या औद्योगिक वसाहतींतल्या गोदामांत भरतात, तीन-तीन तास चालतात. ‘ख्रिस्तोत्तर समाज’, म्हणजे ख्रिस्ती धर्म मागे टाकलेला समाज, असं म्हणताना गोऱ्या इंग्लंडबद्दल बोललं जातं, हे ध्यानात ठेवा.

आमच्या गणपतीची गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. आमच्या भागातल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवासाठी हॉल मागितला. हळदीकुंकू, कोजागिरी, नाटकाच्या तालमी सगळं तिथे होत होतंच. चर्चच्या पवित्र केलेल्या इमारतीत दुसऱ्या धर्माची पूजा होऊ शकत नाही, तो नियम पक्का आहे. पण हॉलचं तसं नसतं. हॉलच्या ट्रस्टच्या कागदात काय लिहिलंय आणि कौन्सिलचं मत काय, त्यावर ते ठरतं. आम्ही दीड तास वाद घातला. आमच्या पाळकबाई होय म्हणत होत्या. दोन म्हातारे सभासद नाही म्हणत होते, आणि त्यांच्याइतक्याच ठाम होत्या आमच्या इराणहून आलेल्या एक बाई, ज्या धर्म बदलला म्हणून घरदार सोडून आल्या होत्या. शेवटी ठरलं: सांस्कृतिक कार्यक्रम चालेल, स्थापना आणि आरती नको. फोन मलाच करावा लागला, मराठी येतं म्हणून. मंडळाचे अध्यक्ष, वयाने मोठे, शांतपणे म्हणाले, ‘ताई, खरं सांगू, आमच्या देवळाच्या सभामंडपात तुम्ही प्रभुभोजन करतो म्हणालात तर आम्हीही दीड तास भांडलो असतो.’ गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसला. मी दर्शनाला गेले, अध्यक्षांनी मोदकाचा डबा दिला. मत मी कुणाच्या बाजूने दिलं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सत्तेच्या बाजूचंही थोडं. वतन गेलं तरी मानपान शिल्लक आहे, राज्याभिषेक कँटरबरीचा आर्चबिशपच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च धर्मगुरू, करतो. पण दोष बाहेर आला की आता झाकता येत नाही. मुलांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणं नीट हाताळली नाहीत, या ठपक्यावरून नोव्हेंबर 2024 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपना पायउतार होत असल्याचं जाहीर करावं लागलं. त्यांच्या जागी ऑक्टोबर 2025 मध्ये सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं, या पदावरच्या पहिल्या स्त्री. पूर्णवेळ पाळक होण्याआधी त्या नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी. बातमी आली त्या दिवशी आमच्या जुन्या वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जो गोंधळ झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तर, देश ख्रिस्ती आहे का? कायद्याने आहे, सवयीने अर्धामुर्धा आहे, रविवारी सकाळी नाही. चालतं कशावर? म्हाताऱ्यांच्या देणग्यांवर आणि तुमच्यासारख्यांच्या भाड्यावर, आणि ते म्हातारे गेल्यावर काय, याची चिंता आम्हाला दर महिन्याच्या सभेत असते. खेडेगावात एकेक पाळक सहा-सात चर्च सांभाळतो, तिथलं चित्र माझ्यापेक्षा बिकट आहे. लंडनमधल्या काही चर्चचं फार बरं आहे. हेतूचं मी वर सांगितलंच.

एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. दरवर्षी 31 मेच्या आत प्रत्येक पॅरिशमध्ये चर्चवॉर्डन निवडायची सभा होते. तिथे मत द्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही. पॅरिशच्या हद्दीत राहणारा आणि स्थानिक निवडणुकीच्या सरकारी मतदारयादीत नाव असलेला कुणीही मत देऊ शकतो, आणि राष्ट्रकुलातले म्हणून आपण भारतीय पासपोर्टवरही त्या यादीत नाव घालू शकतो. आमच्या गेल्या सभेला अकरा जण होते. बाहेर पाऊस होता, म्हणून पटेलभाई छत्री घेऊन मला सोडायला आले आणि आतच बसले. सूचक कोण विचारल्यावर त्यांनी हात वर केला. पाळकबाईंनी नियमांचं पुस्तक काढून बघितलं आणि इतिवृत्तात त्यांचं नाव लिहिलं.